दोन फाटकांमधला मुनीम

३ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयबाईस अनेक आशीर्वाद.

मुनीम सुखरूप पोचला, गाडीत ओकला आणि आल्या आल्या तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या बारक्याच्या आरामखुर्चीखाली पुढचे पाय दुमडून बसला, हे तुझ्या कार्डावरून कळलं. एवढा धिप्पाड कुत्रा, पण बसतो असा की कोणाचे तरी हिशेब तपासतोय. म्हणून तर त्याचं नाव मुनीम.

फोन का करत नाही म्हणून पुन्हा विचारू नकोस. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. फोनवर माणूस किती सहज खोटं बोलतो ते माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नसेल. कागदावर खोटं लिहायचं तर निदान हात तरी दुखतो.

गुडघा नवा बसवलाय, पण तो अजून माझं ऐकत नाही. दोन महिने कुत्र्याने ओढता कामा नये असं डॉक्टर म्हणतात, म्हणून माझ्या जिवाचा तुकडा तुमच्या पदरात टाकलाय. लेकाने या निमित्ताने जुना विषय पुन्हा काढला. त्याच्या नवव्या मजल्यावर मला एक खोली आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, आणि त्या इमारतीत कुत्रे चालत नाहीत. मी त्याला सांगितलंय, मुनीम आहे तोवर मी हे घर सोडणार नाही. त्यावर तो मुनीमचं वय विचारतो. आईचं वय विचारायला लाजतो म्हणून असेल.

आता कामाचं. तुमच्याकडे डॉग पार्क आहे म्हणतेस. तिथे दोन फाटकं असतील. पहिलं आपल्यामागे नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पट्टा त्या मधल्या जागेतच काढायचा, कारण आतले सगळे मोकळे आणि आपला एकटा बांधलेला असला की तो बिथरतो. फाटकाशी कुत्र्यांची गर्दी असेल तर ती पांगेपर्यंत बाहेर थांबायचं. खिशात खाऊ न्यायचा नाही. कुत्रे आपसांत गुरगुरले तर मध्ये हात घालायचा नाही, आणि शेपूट ताठ झाली की गुरगुरण्याआधीच हाक मारून बाजूला घ्यायचं. मागे जे पडेल ते उचलायचं. हे शेवटचं काम बारक्याला दे, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकाच वेचल्या आहेत.

आणि त्याला बजाव, तिथे लोकांची परीक्षा घेत बसू नकोस म्हणावं. लोभ आहेच, तो मुनीमच्या वाट्यालाही थोडा येऊ दे.

तुझी,
वन्सं

१५ फेब्रुवारी

ति. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं बजावणं साहेबांना वाचून दाखवलं. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी मी त्यांना साहेबच म्हणते, कारण गाडी चालवायचा परवाना देणारा माणूस घरी आला तरी मनातून शेजारच्या सीटवरच बसलेला असतो. मी भाजी चिरताना विळी बाजूला ठेवली तरी मागे पाहिलं का म्हणून विचारतात. तर ते म्हणाले, ताई उगीच काळजी करते, मी फक्त निरीक्षण करीन.

डॉग पार्कच्या पाटीवर ‘श्वान उद्यान’ असं लिहिलंय आणि खाली पंधरा नियम आहेत. त्या पाटीचा उपयोग एकच होतो, लोक आपले कुत्रे तिला बांधून गप्पा मारतात. आत गेलं की माणसांची जत्रा. एक मोबाइलबाई आहेत. त्यांचा कुत्रा खड्डा खणतो, दुसऱ्याच्या अंगावर चढतो, कुंपणाशी घाण करतो, आणि बाई फोनमध्ये डोकं घालून गोड हसत असतात. एक बिस्किटकाका आहेत. दोन्ही खिशांत बिस्किटं घेऊन येतात आणि सात-आठ कुत्रे अंगावर आले की ‘प्रेम करतात हो माझ्यावर’ असं सगळ्यांना सांगतात. एक फ्रॉकवाल्या. म्हणजे फ्रॉक त्यांच्या कुत्रीला. मुठीएवढा जीव, त्याला झालरीचा फ्रॉक, आणि लहान कुत्र्यांसाठी वेगळं कुंपण असताना बाई तिला मोठ्यांत आणतात, कारण तिकडे म्हणे तिची संगत बिघडते. मग मोठा कुत्रा जवळ आला की तिला उचलून डोक्यावर धरतात आणि किंचाळतात. उंच धरलेली वस्तू हवीच असते कुत्र्यांना. मग सगळे उड्या मारतात आणि बाई आणखी किंचाळतात. शिवाय एक जोडपं बाळाला गवतावर बसवून त्याच्या हातात पाव देतं.

मुनीमचं वागणं मात्र या सगळ्यांत उजवं. आत गेला की एक फेरी मारतो, ज्यांना वास द्यायचा त्यांना देतो, ज्यांचा घ्यायचा त्यांचा घेतो आणि बाकाशेजारी बसून राहतो.

निरीक्षण चार दिवस टिकलं, वन्सं. पाचव्या दिवशी साहेब उठले. बिस्किटकाकांना भर पार्कात खिसे उलटे करायला लावले. मोबाइलबाईंना विचारलं, आत्ता या क्षणी तुमचा कुत्रा कुठे आहे ते न बघता सांगा. त्यांना सांगता आलं नाही, तर हे म्हणाले, नापास, पुढच्या आठवड्यात या. फ्रॉकवाल्यांना तर थेट कुंपण दाखवलं. मी बाकावर पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. माझं चष्म्याचं दुकान याच रस्त्यावर आहे हो! नापास झालेल्यांपैकी तिघांचे चष्मे मी केलेत.

राग येतो, आणि तरी सांगते, प्रत्येक बाबतीत त्यांचंच बरोबर असतं. तोच तर त्रास आहे. गुडघ्याला जपा. लोभात काटकसर नको.

तुमची,
भावजय

२४ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेकायची पिशवी खाली पडली. बारक्या लहानपणीही असाच होता. आम्ही लपाछपी खेळायचो तेव्हा हा लपायचा नाही, बाकीचे नियमाने लपलेत की नाही ते बघत हिंडायचा. त्याला म्हणावं, बरोबर असण्याचा पगार आता बंद झालाय, पेन्शनीत तो धरत नाहीत.

पण थट्टा पुरे. त्या फ्रॉकवालीकडे लक्ष ठेवा. एवढासा जीव पळायला लागला की मोठ्या कुत्र्याला ते खेळणं वाटतं, आणि मुनीमने नुसता पंजा ठेवला तरी तिचं कंबरडं मोडेल. तसं झालं तर दोष मुनीमवर येईल, फ्रॉकवर नाही. ती आत असेल तर तुम्ही बाहेर पडा. मान खाली घालून बाहेर पडणं हासुद्धा एक शिष्टाचार आहे, बारक्याला तो कोणी शिकवला नाही.

काल लेक आला होता. फर्निचरचं दुकान असल्यामुळे खिशात मोजायची टेप असतेच, तिने माझं कपाट मोजून गेला. मी स्वयंपाकघरात काठी टेकत चहा करत होते, तो मला दिसत नाही असं त्याला वाटलं. माझ्या मुलाला मी वाईट म्हणत नाही. त्याची धावपळ होते, इकडे यायला वेळ होत नाही, आणि वेळ होत नाही म्हणून त्याला अपराधी वाटतं. ते वाटणं थांबावं म्हणून त्याला मी नवव्या मजल्यावर हवी आहे.

रात्री घर फार रिकामं वाटतं. मुनीम घोरतो, ते घोरणं नाही म्हणून जाग येते. महिन्याभरात त्याला घेऊन जाईन. तोवर माझा लोभ उधार ठेव.

तुझी,
वन्सं

६ मार्च

ति. वन्संना सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दुकानात नवीन काचा आल्या आहेत, पुढच्या खोलीला पडदे करायचे आहेत. निळे की पिवळे यावर माझं आणि साहेबांचं एकमत होत नाही. निळ्या कापडाचा पन्हा मोठा आहे, पण पिवळ्याला धुण्याचा त्रास कमी. तुमचं काय मत? हवा आता चांगली झाली आहे. समोरच्यांनी घराला रंग दिला, तोही पिवळाच. मुनीम मजेत आहे. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका. साहेब नमस्कार सांगतात.

लोभ आहे तसाच असावा, ही फार फार विनंती.

तुमची,
भावजय

७ मार्च, दुपार

ति. वन्संना सा. न. वि. वि.

कालचं पत्र फाडून टाका. त्यातला एक पडदासुद्धा खरा नाही. मी ते लिहिलं तेव्हा मुनीम हरवलेला होता. आज सकाळी सापडला, खाऊन-पिऊन आता खुर्चीखाली झोपलाय, त्याच्या अंगावर ओरखडा नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट वाचता येईल.

पाच तारखेच्या संध्याकाळी पार्कात एक नवीन मुलगी आली, हातात पिल्लू. बिचारी फाटकाशी घुटमळत होती. साहेबांना काय, परवान्याला उमेदवारच मिळाला. मुनीमला घेऊन आम्ही निघालोच होतो, मधल्या जागेत उभे होतो, पट्टा अजून लावायचा होता. साहेबांनी त्या मुलीला दोन फाटकांचा नियम समजावायला घेतला. तुम्हाला ठाऊक आहे, नोकरीत त्यांची शिकवायची एक पद्धत होती, चूक कशी असते ते आधी करून दाखवायची. तर त्यांनी एका हाताने आतलं फाटक सताड उघडलं, दुसऱ्या हाताने बाहेरचं सताड उघडलं, आणि दोन्ही हात पसरून म्हणाले की असं कधीही, म्हणजे कधीही करायचं नाही.

मुनीम त्यांच्या डाव्या हाताखालून निघून गेला. घाईसुद्धा केली नाही त्याने. कोपऱ्यावर ट्रकने भोंगा वाजवला, तेव्हा मात्र बिचकला आणि धावत सुटला. साहेब हात पसरलेलेच उभे. त्यांची पाचावर धारण बसली होती.

आम्ही अंधार पडेपर्यंत हाका मारत हिंडलो. दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच पार्कात गेले, मी मागून. वन्सं, त्या माणसाला तिथे एकाचंही नाव माहीत नव्हतं. कोण कशात नापास एवढंच माहीत. ते बाकापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले की माझ्या बहिणीचा कुत्रा माझ्या हातून गेला, मला मदत करा. मदत हा शब्द मी लग्नापासून त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

बिस्किटकाकांनी आधी विचारलं की आता बिस्किटं चालतील ना. ऐकवायची संधी कोण सोडतं? पण मग तो म्हातारा दोन्ही खिशांतले पुडे खुळखुळवत गल्लोगल्ली फिरला. फ्रॉकवाल्यांनी कुत्रीला घरी ठेवलं आणि नाल्याच्या बाजूला चप्पल हातात घेऊन उतरल्या. मोबाइलबाईंनी मुनीमचा फोटो कुठे कुठे पाठवला देव जाणे, त्यांना शहरातला प्रत्येक माणूस ओळखतो असं दिसतं. आज सकाळी त्यांनाच निरोप आला. आमच्या मागच्या रस्त्यावर एक लाँड्री आहे. तिथे इस्त्रीच्या टेबलाखाली ऊब असते, हा तिथे पाय दुमडून बसलेला. लाँड्रीवाल्याला वाटलं कोणा गिऱ्हाइकाचा असेल, कपडे न्यायला येतील तेव्हा नेतील. दोन दिवस त्याने याला दूध-पाव घातला. साहेब तिथे जमिनीवर बसले आणि मुनीमच्या मानेत तोंड खुपसून रडले. मीही रडले. लिहायला काय लाज?

आता एक गोष्ट. ही लिहू नये असं साहेब म्हणतात, पण एक खोटं पत्र लिहून झालं, दुसरं लिहायचं बळ नाही. काल मुनीमच्या लसीचा कागद हवा होता म्हणून साहेबांनी तुमच्या लेकाला फोन केला. हरवल्याचं ऐकून तो म्हणाला की मामा, फार शोधू नका, एका परीने आई सुटली. साहेबांनी फोन ठेवला आणि पुन्हा शोधायला गेले. आज सकाळी सापडल्या सापडल्या पहिला फोन त्यालाच केला. तो नुसता बरं म्हणाला. तुमच्या कानावर त्याने चांगली बातमी एव्हाना घातली असेलच, म्हणजे या पत्राने तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

साहेब तुम्हाला स्वतः लिहायचं म्हणून बसले, तीन कागद फाडले. माझ्या पदरात लोभाऐवजी चार शब्द घातलेत तरी ते माझे हक्काचे आहेत.

तुमची,
भावजय

११ मार्च

चि. सौ. भावजयबाईस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं नऊ तारखेला एकदमच आली. पडद्याचं आधी उघडलं. दोनच ओळीत कळलं की काहीतरी झालंय, कारण पडद्याबद्दल तू आजवर कोणाचं मत विचारलेलं नाहीस. पण तोवर रडून माझे डोळे सुजलेले होते.

आठ तारखेला लेक आला होता. माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की आई, मनाची तयारी कर, मामाच्या हातून मुनीम सुटला, रस्ता मोठा होता, आता तो मिळायचा नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं, मी आई आहे, मला कळतं. मी रडले, तोही रडला. मग त्याने माझी पाठ थोपटत नवव्या मजल्याचं काढलं, आणि मी हो म्हणाले. कशासाठी नाही म्हणायचं होतं? रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला, पहिल्या खेपेला पलंग आणि कपाट.

तू लिहितेस सातला सकाळी त्याला कळवलंत. तो माझ्याकडे आठला आला. मी हे दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. तुझ्याच दुकानचा चष्मा, त्यात काही दोष नाही.

बारक्याला सांग, माझ्याकडून त्याला चार शब्द नाहीत. कुत्रा सोडला त्याने, पण कुत्र्यामागे धावलाही तोच. उरलेले कागद फाडू नकोस म्हणावं, महाग असतात. आणि त्याने माझ्या लेकाला फोन करून काही म्हणजे काही बोलायचं नाही. टेम्पो रविवारी येऊ दे. मी दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचते. मुनीमला आंघोळ घालून ठेव, आणि पट्टा दाराजवळ असू दे.

रागाला इथे जागा नाही, लोभ सगळा तुमचाच.

तुझी,
वन्सं

५ एप्रिल

चि. सौ. भावजयबाईस आणि बारक्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. तुमच्या दारातलं तुम्ही पाहिलंतच. सामान नवव्या मजल्यावर न्यायच्या आधी मामाचा निरोप घेऊ म्हणून मी लेकाला तुमच्याकडे वळवलं, आणि तू दार उघडलंस तेव्हा मुनीम आधी माझ्याकडे न येता त्याच्याकडेच गेला, शेपूट हलवत. कुत्र्याला कुठे कळतं कोण काय बोललं. माझा लेक जिन्यावर उभा होता तसाच राहिला. बारक्या तोंड उघडणार होता, तू त्याचा हात दाबलास, तेही मी पाहिलं. तुझे उपकार आहेत.

वाटेतलं मात्र तुम्हाला ठाऊक नाही. टेम्पोत पुढे आम्ही तिघं, मध्ये मुनीम. मागे माझा पलंग आणि कपाट, जसे आणले तसे परत चाललेले. मुनीमची लाळ त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर गळत होती, ती त्याने पुसली नाही. दोन तासांनी त्याने एका पंपापाशी टेम्पो थांबवला आणि म्हणाला की आई, काहीतरी बोल, रागाव तरी. मी म्हटलं, रागावले असते तर तू माफी मागून मोकळा झाला असतास.

त्यावर तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला. मुनीमने मात्र त्याच्या कानाशी नाक नेऊन हुंगलं, आणि आम्ही पुढे निघालो. घरी आल्यावर त्याने एकट्याने कपाट आत लावलं, पलंग जोडला, मला विचारून पूर्वीच्याच जागी. जाताना म्हणाला की तुला दोन महिने तरी ओढाओढ नको, रविवारी मी येऊन मुनीमला इथल्या पार्कात नेत जाईन.

दोन रविवार आला. पहिल्या रविवारी परत येऊन विचारत होता, आई, शेपूट ताठ झाली तर काय करायचं, आणि लोक खिशात खाऊ घेऊन का येतात. बाहेरच्या नळावर बूट धुतले, शेजारच्या बाईंशी भांडून आला होता, त्यांनी म्हणे मागचं उचललं नाही. मामाचा भाचा शोभतो. मी हसले नाही, पण चहात साखर जास्त घातली.

आज तिसरा रविवार. संध्याकाळचे सात वाजून गेलेत, तो अजून आलेला नाही. दुकानात माल आला असेल, रस्त्यात गर्दी असेल, कारणं मला त्याच्याआधी सुचतात, सवयच आहे. मुनीमला पट्टा घालून झालाय. तो दाराकडे तोंड करून बसलाय आणि मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून हे पत्र लिहितेय. फोन मी करणार नाही. आम्ही दोघं वाट बघतोय.

लोभ असू द्या, आज तो जरा जास्तच लागेल.

तुमची,
वन्सं